रेवणमामांची सहा मशीनं

रेवणमामांना कशाचीही किळस आली की ते वरचा ओठ नाकापर्यंत ओढत आणि म्हणत, "होलसू." शब्द कानडी, अर्थ घाण. नळदुर्गच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. तिथं घराघरांत अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं, त्यामुळं शब्दाचं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते मामा तो कुठं कुठं वापरत त्याचं. जिन्याच्या कोपऱ्यात गुटख्याची पिचकारी दिसली की होलसू. अर्धवट पिळून सोडलेला स्क्रू दिसला की होलसू. एखाद्या सरांनी वर्गात न जाता हजेरी भरली, तर मामा दारावरून जाताना जमिनीकडं बघून तेवढंच म्हणत आणि पुढं जात.

पूर्ण नाव रेवणसिद्ध बिराजदार. शाळेत ते शिपाई आणि मी कनिष्ठ लिपिक. शाळा एका खाजगी संस्थेची, पाचवी ते बारावी. मामांचं स्टूल माझ्या खोलीच्या दाराशी असायचं. नोकरीला लागण्याआधी ते नळदुर्गला हायवेवरच्या दुकानात बोअरच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार गुंडाळायचे. त्या तारेनं पडलेल्या बारीक रेघा त्यांच्या बोटांवर शेवटपर्यंत होत्या. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग आणि खिशाला टेस्टर. ह्या तीन गोष्टींशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आमच्या शाळेत एका खोलीवर 'संगणक कक्ष' असं निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. खोलीला कुलूप. मी रुजू होऊन तीन वर्षं झाली तरी ते कुलूप निघालेलं मी बघितलं नव्हतं. पण दरवर्षी शाळेच्या माहितीच्या तक्त्यात मी टाइप करायचे, 'संगणक संच अकरा, सर्व चालू स्थितीत.' आदल्या वर्षीच्या तक्त्यात तसं होतं, म्हणून ह्याही वर्षी तसं.

सहामाही परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या दहावीच्या वर्गात वास यायला लागला. दुसऱ्या दिवशी मुली नाकाला ओढण्या लावून पेपर लिहायला लागल्या, तेव्हा हेडसरांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली. दार उघडलं आणि आम्ही सगळे चार पावलं मागं आलो. टेबलांवर उंदरांच्या लेंड्यांचा थर. पडदे कुरतडलेले. एका संगणकाच्या डब्यातून, जिथं सीडी घालतात त्या फटीतून, शेपूट बाहेर लोंबत होतं. आत घरटं होतं, आणि घरट्यात मेलेली घूस.

सगळे सर रुमाल धरून उभे. मामा तोंडाला उपरणं बांधून आत गेले. त्यांनी तो डबा अंगणात आणला, घूस काढली, लांब नेऊन पुरली. परत येऊन राखेनं हात धुतले. मला वाटलं, आता तो शब्द येणार. पण मामांनी दारावरच्या निळ्या अक्षरांकडं बोट केलं.

"घुशीचं काय न्हाय ताई, ते मुकं जनावर. मला ह्येची किळस येलालीय. अकरा मशीनं आणली, पोरींना हात लावू दिला न्हाय, आन् घुशीला बाळंतपणाला दिली."

दिवाळीच्या सुट्टीत मामा रोज शाळेत यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. व्हरांड्यात पोती अंथरून त्यांनी अकराही संगणक उघडले. शिलाई मशीनचा ब्रश, मोटारी भरायच्या जुन्या दुकानातून मागून आणलेला ब्लोअर आणि जुनं बनियन, एवढीच हत्यारं. कुरतडलेल्या वायरी एकाच्या काढून दुसऱ्याला लावल्या. अकरातले सहा उभे राहिले. उभे राहिले म्हणजे पंखा फिरला, दिवा लागला. पुढं काही नाही. सोलापूरहून आलेल्या एका दुरुस्तीवाल्यानं बघून सांगितलं, "हे भंगार आहे. ह्याच्यावर आता कुठलीच सिस्टिम चालणार नाही. नवे घ्या."

तो गेल्यावर मामा म्हणाले, "मोटार उघडून न बघताच जळाली म्हणणारं असलंच एक दुकान आमच्या शेजारी हुतं."

त्याच आठवड्यात सुनंदा गावाला आली. आमचीच जुनी विद्यार्थिनी, पुण्यात नोकरीला. तिनं ते सहा डबे बघितले आणि एक सीडी आणून दिली.

"मामा, ह्या सिस्टिमला लिनक्स म्हणतात. हे म्हाताऱ्या मशीनला झेपतं. आणि फुकट असतं."

"फुकट?" मामांना फुकटाचा मोठा संशय. "मग ह्येच्यात खोट काय हाय?"

"खोट एवढीच, की शिकावं लागतं."

दोन दुपारी तिनं शिकवलं. मामा नववीपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षरं ओळखायचे, शब्द जुळवून वाचायचे. त्यांनी एक वही केली. तिच्यात एका बाजूला इंग्रजी आज्ञा, जशीच्या तशी, चित्र काढल्यासारखी, आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा अर्थ. 'सुडो' ह्या शब्दापुढं लिहिलं होतं, 'साहेबांची सही'. मी विचारलं तर म्हणाले, "नुसतं सांगितलं की मशीन ऐकत न्हाय. म्हणतंय, तू कोण? मग आधी सुडो म्हणायचं. म्हंजे सही घिऊन आलाव. मग मुकाट करतंय. आपल्या हापिसासारखंच हाय की."

महिन्याभरात सहाही मशीनं मराठीतून बोलायला लागली. म्हणजे पडद्यावर 'फाइल' आणि 'संपादन' असं मराठीत दिसायला लागलं. वेग मात्र बैलगाडीचा. मामा कुणी चिडलं की म्हणायचे, "तिला घाई न्हाय. तुमाला कुठं जायचंय?"

एक मशीन ग्रंथालयात ठेवलं. पुस्तकाचं नाव टाकलं की कुठल्या कपाटात कितव्या खणात, ते सांगायचं. ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं की जवळपास एक कपाटभर पुस्तकं शिक्षकांच्या घरी आहेत. त्या मशीनवर शिक्षक मंडळींचा राग तेव्हापासून.

दुसऱ्या मशीनला पडदाच नव्हता. ते मामांनी त्यांच्या स्टुलाखाली ठेवलं आणि त्याला मैदानातला भोंगा जोडला. शाळेचे टोल आता ते देणार. पहिल्या दिवशी सकाळी आठलाच शाळा सुटल्याची लांब घंटा झाली आणि पाचवीची पोरं दप्तरं घेऊन पळाली. आतला बटणाएवढा सेल मेलेला होता, त्यामुळं मशीनला वेळ कळत नव्हती. मामांनी घड्याळवाल्याकडून सेल आणला आणि मग तो टोल सेकंदाला पक्का झाला. खरी भानगड तिथून सुरू झाली. टोल पक्का झाल्यामुळं तास पक्के झाले. कोण किती उशिरा वर्गाकडं निघतं ते पोरांना कळायला लागलं. एक गणिताचे सर माझ्या खोलीत येऊन मामांना म्हणाले, "बिराजदार, तुमचं काम मशीन करायला लागलं. आता तुम्ही कशाचा पगार घेता?"

मामा उठून उभे राहिले. "तुमच्या वर्गात पोरं वाट बघलालीत सर. म्या ते बघायचं काम करतो."

सर गेले. मामांचा ओठ नाकापर्यंत गेला होता, पण शब्द त्यांनी गिळला. माझ्यासमोर मोठ्या माणसाला बोलायची त्यांची रीत नव्हती.

तीन मशीनं टायपिंगची. मराठी टायपिंगच्या परीक्षेच्या सरावाला नळदुर्गला जायचं तर मुलींना घरून सोडत नसत. मामांनी जुन्या संगणक कक्षातच सोय केली. बारा मुली आळीपाळीनं बसायच्या. सरावाला मजकूर काय द्यायचा, हा प्रश्न आला, तेव्हा मामा सोनटक्के गुरुजींकडं गेले.

गुरुजी आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. त्यांनी नजर असताना आसपासच्या गावांतल्या विहिरींवर चार वह्या लिहिल्या होत्या. कुठली विहीर कुणी खोदली, पाणी किती पुरुष खोलीवर लागलं, चव कशी, कोण पडलं, कोण वाचलं. छापायला कुणी घेतलं नाही. मुलींनी टायपिंगचा सराव म्हणून रोज एक विहीर टाइप केली. चारही वह्या संपल्या, तेव्हा मामांनी सहावं मशीन सायकलच्या कॅरिअरला बांधून गुरुजींच्या घरी नेलं. मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यांनी त्यात घातला होता. मीही गेले होते.

आवाज सुरू झाला. गुरुजी दचकले. "हा कोण? नाक दाबून बोलतोय."

"मशीन हाय गुरुजी."

"मशीनला म्हणावं 'ळ' नीट काढ. 'विहिरीतला गाळ' म्हणतोय की 'गाल' म्हणतोय?"

मग ते ऐकत बसले. स्वतःचीच वाक्यं, दुसऱ्याच्या खडबडीत आवाजात. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. मामांनी मशीन थांबवलं. गुरुजी म्हणाले, "इथं मी पाण्याची चव 'गोडूस' लिहिली होती. त्यानं 'गोडूस' बरोबर म्हटलं. पुढं चालू द्या."

परत येताना मामा वाटभर सायकलवर बसले नाहीत. सायकल हातात धरून चालत होते.

ह्यानंतर दीड वर्षानं जे झालं, ते सांगताना माझ्या तोंडाला अजून कडू चव येते.

संस्थेला नवीन संगणक मंजूर झाले होते. ते कसे मंजूर झाले, हे तपासणीचं पत्र आल्यावर कळलं. माझ्या तक्त्यात 'चालू स्थितीत' असलेले जुने अकराही संगणक संस्थेच्या कागदावर तीन वर्षांपूर्वीच नादुरुस्त ठरून भंगारात गेलेले होते. मामा सुट्टीत पोत्यावर बसून ज्यांच्या वायरी जोडत होते, ती मशीनं कागदोपत्री तेव्हा जगात नव्हती. तपासणीला दोन अधिकारी परवा येणार. हेडसर आणि संस्थेचे सचिव माझ्याच खोलीत बोलत होते. मी असले काय, नसले काय.

सचिव म्हणाले, "चालू मशीन दिसलं तर विचारतील, भंगारात गेलेलं चालतंय कसं? आजच्या आज मोडा. पंचनाम्याला मागची तारीख घाला."

हेडसरांनी मामांना बोलावलं. "बिराजदार, ते अकरा डबे मागं पटांगणात घ्या. हातोडा घ्या."

"सहा चालू हायती सर."

"म्हणून तर सांगतोय."

"पोरींची परीक्षा तीन आठवड्यांवर हाय."

"नवीन येतायत ना? नव्यावर करतील."

 मामा म्हणाले, "मेलेली म्या उपसली सर. जित्ती म्या मारणार न्हाय. दुसऱ्याला सांगा."

दुसरा मिळाला. भंगारवाल्याची दोन माणसं टेम्पो घेऊन आली. अकराचा आकडा भरायला हवा होता, म्हणून टेम्पो गुरुजींच्या घरी पण गेला. आणायला गेलेल्या माणसानं नंतर सांगितलं, गुरुजी ऐकत बसले होते, अर्ध्यात बंद केलं. गुरुजी म्हणाले, "न्या. शाळेचंच आहे," आणि ते ठेवलेलं असायचं त्या पाटावर हात फिरवत बसले.

आणि पंचनामा. तो मला टाइप करायचा होता. ऑफिसातला बऱ्यापैकी नवा संगणक त्या दिवशी स्वतःलाच अद्ययावत करत बसला होता. पडद्यावर गोल फिरत होतं आणि 'बंद करू नका' असं लिहिलेलं. हेडसर घायकुतीला आले. "तो ग्रंथालयातला डबा शेवटी मोडा. मॅडम, त्याच्यावर करा, तो लगेच चालू होतो."

मी ग्रंथालयात जाऊन बसले. मशीन लगेच चालू झालं. मी त्याच्यावर मराठीत टाइप केलं, 'उपरोक्त सर्व संगणक बंद, नादुरुस्त व कायमस्वरूपी निरुपयोगी अवस्थेत आढळून आले.'  खरं सांगायचं तर ओळी नीट बसल्या का, समास सारखा आहे का, हेच मी बघत होते. प्रिंटरमधून कागद निघाला तो माझ्याआधी मामांनी उचलला. ते कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी सावकाश, शब्द जुळवत नाही, मराठी होतं, तरीही सावकाश वाचलं. माझ्याकडं बघितलं. कागद माझ्या हातात दिला आणि बाहेर गेले. मशीन मी बंद केलं नाही. भंगारवाल्याच्या माणसानं वायर उपटूनच नेलं.

हातोड्याचे आवाज दोन तास येत होते. आठवीचा इतिहासाचा तास चालू होता त्या बाजूला. कुणी खिडकीशी आलं नाही, सरांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. टायपिंगच्या बाराजणी मात्र पटांगणाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांना कुणी हाकललं नाही आणि कुणी काही सांगितलंही नाही.

पंच म्हणून मामांची सही हवी होती, कारण खोलीची किल्ली त्यांच्याकडं. सगळ्यांना वाटलं, ते नाही म्हणतील. ते आले, खुर्चीवर बसले, सही केली आणि तिच्याखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'सहा मशीनं चालू असताना मोडली. म्या बघितलं.'

हेडसरांनी कागद वाचला आणि फाडला. ग्रंथालयातलं मशीन मोडलेलं आणि ऑफिसातलं अजून गोल फिरवत असल्यामुळं दुसरा पंचनामा मला हातानं लिहावा लागला. पंच म्हणून गणिताच्या सरांनी आणि माळ्यानं सही केली. मी लिहीत असताना मामा दारात स्टुलावर बसले होते. पटांगणातला एक फुटका डबा कुणीतरी पायानं ढकलत नेत होतं, त्याचा आवाज येत होता. मामांनी मला ऐकू येईल असं म्हटलं, "होलसू." कुणाला म्हटलं, ते मी विचारलं नाही.

तपासणी झाली. शेरा उत्तम मिळाला. अधिकाऱ्यांना शाल-नारळ दिलं. बारा मुलींपैकी सात नळदुर्गला सरावाला जायला लागल्या, चौघींना घरून सोडलं नाही, एकीचं लग्न झालं. मामांच्या हातात पंधरा दिवसांत बदलीचा आदेश पडला. संस्थेचं एक मुलींचं वसतिगृह जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वाशी तालुक्याच्या बाजूला आहे. निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष राहिलेल्या माणसाला तिथं टाकलं. आदेश मीच टाइप केला. तोपर्यंत ऑफिसातला संगणक ठीक झाला होता. मामांनी पोच म्हणून सही केली आणि गुरुजींच्या विहिरींचा पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला. "ऐकायला मशीन न्हाय, पण माल तरी ऱ्हाऊ द्या." 

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला त्या बाजूला जावं लागलं. त्यांच्या सेवापुस्तकात दोन सह्या राहिल्या होत्या. पोस्टानं पाठवता आलं असतं, पण मी ते काम मागून घेतलं. वाटेत कुंथलगिरी पेढ्याच्या दुकानाशी गाडी थांबली तेव्हा मोठा डबा घेतला. तेरखेड्यापासून पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाला फटाक्यांची दुकानं आणि गिऱ्हाईकांच्या गाड्या. वसतिगृह त्याच्याही पुढं, माळावर, एकटं.

मामा व्हरांड्यात बाजेवर एक जुना लॅपटॉप उघडून बसले होते. सुटे स्क्रू वर्तमानपत्रावर मांडलेले. भिंतीशी एक मशीन चालू होतं आणि त्याच्यापुढं दोन मुली शेंगा सोलता सोलता पडद्यावरचं काहीतरी वाचत होत्या. मामा वाळले होते. मला बघून उठले, स्टूल दिलं, पाणी आणून दिलं.

"नवी मशीनं कशी हायत?"

"खोक्यात आहेत."

"आजून?"

"उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळाली नाही."

त्यांनी मान हलवली. मी सेवापुस्तक पुढं केलं. त्यांनी दोन्ही सह्या केल्या. पेढ्याचा डबा मी बाजेवर ठेवला. मग राहवेना, म्हणून मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी…"

"ताई," मामा स्क्रूकडं बघत म्हणाले, "टायपिंग चांगलं केलतं तुमी. म्या सगळं वाचलं. एक बी चूक न्हवती."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. हात करून एसटी थांबवली आणि कंडक्टरला म्हणाले, "ताईंना बसायला जागा बघा, लांब जायच्यात." गाडी हलली, तसे ते वळून चालायला लागले. पुढं फाट्यावर बैलगाड्या आडव्या आल्या म्हणून गाडी थांबली, तेव्हा वसतिगृहाचा व्हरांडा खिडकीतून सरळ दिसत होता. मामांनी पेढ्याचा डबा उघडला होता. आतून मुली धावत आल्या. एकेकीच्या हातावर ते पेढा ठेवत होते. दोघींना मागून आणखी एकेक दिला. शेवटचा पेढा त्यांच्या बोटांत होता. तो त्यांनी हाक मारून स्वयंपाकाच्या बाईंना दिला. मग हात धुतले, रिकामा डबा उपरण्यानं आतून पुसून कोरडा केला आणि वर्तमानपत्रावरचे स्क्रू एकेक करून त्यात टाकायला बसले.